भिशीचे पैसे आणि न आलेला सहावा भाग

(वैनींना विचारा : कॉम्प्युटर आणि गेम्सबद्दल वाचकांचे प्रश्न)

या महिन्यात सतरा पत्रं आली. त्यातली नऊ प्रिंटरची, ती पुढच्या अंकात घेते. उरलेल्यांत बहुतेकांचं दुखणं एकच : जो गेम अजून आलेलाच नाही, त्याचं काय करायचं?

नव्या वाचकांसाठी माझी ओळख. कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं सायबर कॅफे होतं. रात्री दहानंतर गिऱ्हाईक नसायचं, शटर अर्धं ओढलेलं असायचं, तेव्हा मी खेळायला लागले. आता त्याच गाळ्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं काम चालतं. मी अजून खेळते. (कागदावर मी 'खेळतो' असंच लिहिलेलं असतं. आमच्याकडं बायकासुद्धा 'मी येतो, मी जातो' म्हणतात. संपादकसाहेब पुण्याचे, ते दुरुस्त करून घेतात.)

वैनी, मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) पॅटर्न शॉपला, म्हणजे साच्यासाठी नमुने करायच्या कामाला आहे. वय ३२. कॉलेजात असताना मित्राच्या घरी स्कायरिम, म्हणजे एल्डर स्क्रोल्स या गेम-मालिकेचा पाचवा भाग खेळलो, तेव्हापासून सहाव्या भागाची वाट बघतोय. आता भिशी लागलीय, ९५ हजार हातात आहेत. मी म्हणतो, त्या गेमसाठी आत्ताच पीसी बांधून ठेवावा. बायको म्हणते, तारीख ठरली नाही त्या लग्नाचा मांडव कशाला घालायचा? तुम्ही सांगाल तसं करायचं ठरलंय. – एक वाचक, उचगाव

भाऊ, बायकोचं ऐका. उत्तर इथंच संपलं असतं, पण तुम्ही पॅटर्नचं काम करता म्हणून दोन गोष्टी जास्त सांगते, तुम्हाला पटकन कळतील.

सहाव्या भागाचं आजवर आपल्याला काय दाखवलंय? जून २०१८ मध्ये गेम्सच्या ई-थ्री प्रदर्शनात अर्ध्या मिनिटाचा एक टीझर. डोंगरावरून कॅमेरा सरकतो, पलीकडं समुद्र दिसतो, ओळखीची धून वाजते, नाव येतं. संपलं. माणूस नाही, गाव नाही, साल नाही. तुमच्या भाषेत सांगायचं तर पॅटर्नसुद्धा नव्हता तो, नुसतं चौकशीचं ड्रॉइंग होतं. ज्या बेथेस्डा स्टुडिओनं ते दाखवलं, त्यांची भट्टी तेव्हा दुसऱ्याच मालाला लागली होती. तो माल म्हणजे स्टारफील्ड, आणि तो बाहेर पडला ६ सप्टेंबर २०२३ ला. त्याच्या थोडं आधी, ऑगस्टमध्ये, त्यांनी सांगितलं की सहाव्या भागाची पूर्वतयारी संपली, आता खरं काम सुरू झालंय. म्हणजे टीझर आणि कामाची खरी सुरुवात यांत पाच वर्षं. मार्च २०२४ मध्ये, मालिकेला तीस वर्षं झाली तेव्हा (पहिला भाग, अरीना, १९९४ चा), आम्ही आतल्या आत सुरुवातीच्या आवृत्त्या खेळून बघतोय, एवढं म्हणाले. मी हे लिहितेय तोवर तारीख जाहीर नाही.

कास्टिंग झाल्याशिवाय मशिनिंगची ऑर्डर कुणी देतं का?

आता आमच्या घरातलं. माझ्या मुलानं तो २०१८ चा टीझर बघितला आणि त्याच दिवाळीत पीसी बांधला. मी अडवलं नाही, उलट गाळ्याच्या गल्ल्यातनं सात हजार दिले. त्या वेळी सगळी पोरं घ्यायची ते जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम, एक टेराबाइटची साधी हार्ड डिस्क. एकदम झकास मशीन. म्हणाला, सहावा भाग आला की तयार. पाच वर्षांनी त्याच स्टुडिओचा स्टारफील्ड आला. कमीत कमी काय लागतं ती यादी आम्ही दोघांनी शेजारी बसून वाचली. कार्ड १०७० टीआय, रॅम १६ जीबी, आणि १२५ जीबी जागा, तीही एसएसडीवरच (साध्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान असते ती). तिन्हीत नापास! आणि सहावा भाग स्टारफील्डच्याच इंजिनच्या (गेम चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या) पुढच्या आवृत्तीवर बनतोय. तेव्हा ती यादी पुढं वाढेल, कमी होणार नाही. तो पीसी आता गाळ्यात आहे, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरतो. आमच्याइतका चपळ सातबारा अख्ख्या राजारामपुरीत कुणी काढून देत नाही.

तेव्हा ९५ हजार एफडीत टाका. घरात पोरांच्या अभ्यासाला किंवा तुमच्या ड्रॉइंगच्या कामाला मशीन लागतच असेल तर जरूर घ्या, पण आज जे चालवायचंय त्याच्या मापाचं घ्या. सहाव्या भागाच्या नावानं दुकानदार महागडं कार्ड गळ्यात मारायला लागला, तर त्याला त्या गेमची मागणी-यादी विचारा. ती कुणाकडंच नाही.

आणि तोवर हात मोकळे ठेवू नका. २०११ च्या मूळ स्कायरिमला २ जीबी रॅम आणि ६ जीबी जागा पुरायची, ती आवृत्ती बायकोच्या ऑफिसच्या लॅपटॉपवरसुद्धा चालेल (तिला विचारून). तिसरा भाग, २००२ चा मोरोविंड, खेळला नसाल तर तो घ्याच. त्यात कुठं जायचं ते दाखवणारा बाण नाही. माणसं तोंडी पत्ता सांगतात : गावाबाहेर पडा, नदी लागली की डावीकडं, मोठा दगड दिसला की थांबा. अगदी आपल्यासारखं, 'मिरजकर तिकटीला या आणि कुणालाही विचारा.' दोनदा चुकून तिसऱ्यांदा ती गुहा सापडते तेव्हा जो आनंद होतो, तो बाणामागं पळून होत नाही. हे माझं मत. भाच्याला अजिबात पटत नाही.

ताई, मुलगा दहावीला आहे. विचर नावाच्या गेमचा चौथा भाग येणार म्हणून एकच ट्रेलर सारखा बघतो. त्यात गावकरी एका मुलीला राक्षसापुढं बळी द्यायला नेतात. मला बघवलं नाही. त्यानं बघावं का? – एक आई, कसबा बावडा

ताई, तुम्हाला बघवलं नाही हे बरोबरच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला तो ट्रेलर मोठ्यांसाठीच आहे. सिरी नावाची नायिका त्या राक्षसाशी झुंजते, मुलीला वाचवते, आणि शेवटी गावकरीच त्या मुलीला मारतात. २०१५ च्या तिसऱ्या भागावर युरोपात १८ वर्षांचा शिक्का आहे. दहावीच्या मुलाला मी तो देणार नाही. दहावी आहे म्हणून नव्हे, त्याचं वय पंधरा आहे म्हणून.

त्याला एक सांगा. कंपनीनंच म्हटलंय की २०२६ संपेपर्यंत तरी चौथा भाग येणार नाही. तोवर वाट बघायला अभ्यास सोडायची काही गरज नाही.

पण गेम वाईट म्हणून त्याला हाणू नका. हा गेम पोलंडचा, तिथल्याच एका लेखकाच्या कथांवरून निघालेला. २०११ मध्ये त्यांच्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांना दुसरा भाग भेट म्हणून दिला होता. आपण फेटा आणि शाल देतो, त्यांनी गेम दिला! आणि त्यातली भुतं खेड्यातली आहेत. तिसऱ्या भागात अगदी सुरुवातीला एक विहीर लागते, ओसाड वस्तीतली. भर दुपारी तिथं एका बाईचं भूत फिरतं, आणि तिचं काय झालं होतं ते शोधून काढल्याशिवाय ते जात नाही. मी ते पहिल्यांदा खेळले तेव्हा आमच्या गावची विहीर डोळ्यांपुढं आली. दुपारी बारा वाजता तिकडं जाऊ नका, आसरा असतात, असं आजी सांगायची. मुंजा, हडळ, खवीस, सगळे आपल्याकडंही आहेत. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर मुलाला त्यांच्याजवळ बसवा आणि या गोष्टी काढायला सांगा. ट्रेलरपेक्षा जास्त वेळ बसेल.

प्री-ऑर्डर केली, म्हणजे गेम यायच्या आधीच पैसे भरले, तर काय फायदा? – जयसिंगपूर

कुणाचा? डाउनलोड करायची फाइल म्हणजे काही हापूसची पेटी नव्हे, संपत नाही. आता वर सांगितलेल्या विचरवाल्यांचंच बघा. त्यांचा सायबरपंक हा गेम डिसेंबर २०२० मध्ये आला तो इतका अडखळत, की सोनीनं आपल्या ऑनलाइन दुकानातून काढूनच टाकला. परत आला जून २०२१ मध्ये. आज तो चांगला चालतो. थांबलेल्यांना चांगला मिळाला, तोही स्वस्तात.

वैनी, सगळ्यांना थांबा म्हणता. तुम्ही स्वतः कशाची वाट बघताय? – एक जुना गिऱ्हाईक, शाहूपुरी

ओळखलं तुम्हाला. तीन नंबरच्या मशीनवर बसायचात आणि माउसपॅडवर चहा सांडायचात.

मीही सहाव्याचीच वाट बघतेय. लपवून काय करू. स्कायरिम आला ११ नोव्हेंबर २०११ ला, जाहिरातींत ११-११-११ असं मिरवत. बाहेरच्यांना ती नुसती गमतीची तारीख. आपल्याकडं ९, १०, ११ नोव्हेंबर म्हणजे अंबाबाईचा किरणोत्सव. मावळतीची किरणं पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. ढग आले किंवा वाटेत काही आड आलं, तर मध्येच परत फिरतात. त्या संध्याकाळी घरची सगळी देवळात, आणि मी आणि भाचा कॅफेत, डाउनलोड लावून. लाइन ५१२ केबीपीएसची. सहा जीबी म्हणजे हिशेबानं सत्तावीस तास. प्रत्यक्षात चार दिवस लागले, कारण लाईट जायची, यूपीएस वीस मिनिटांत मान टाकायचा, आणि मॉडेम तापला की त्याच्यावर टेबलफॅन लावायला लागायचा. दिवसा गिऱ्हाईकाला लाइन द्यायची म्हणून थांबवायचं, रात्री परत सुरू. सासूबाई देवळातून प्रसाद घेऊन कॅफेत आल्या, स्क्रीनवरची हिरवी पट्टी बघितली आणि म्हणाल्या, "हे कधी चेहऱ्यापर्यंत यायचं?"

तो गेम मी अजून पूर्ण केलेला नाही. अल्दुइन नावाचा जो काळा ड्रॅगन मारायचा असतो, तो माझ्या गेममध्ये अजून जिवंत आहे. मला वेळच मिळाला नाही. व्हाइटरन गावात पाच हजार मोहरांना घर मिळतं, ते घेतलं (असा भाव राजारामपुरीत असता तर!), मग डोंगरातली फुलं गोळा करून औषधं करायला लागले, मग ती विकायला लागले. म्हणजे दुकानच टाकलं की परत. नवरा म्हणाला, दिवसभर गाळ्यात बसतेस आणि रात्री तिकडं जाऊन पुन्हा गाळ्यात बसतेस.

सहाव्या भागाकडून मला तेच पाहिजे, नवा मुलूख आणि त्यात रेंगाळायला जागा. पोरं हॅमरफेल, हॅमरफेल (त्या मालिकेतल्या जगातला एक मुलूख) म्हणत नकाशांवर वाद घालतात. स्टुडिओनं ठिकाणाचं नाव अजून उच्चारलेलं नाही, आणि मी पैज लावणार नाही. भाचा आता पुण्यात नोकरीला आहे. त्याला सांगून ठेवलंय, तारीख आली की फोन कर, रात्री एक वाजला असला तरी चालेल, मोबाइल उशाखालीच असतो.

परवा सासूबाईंना तो जुना टीझर मोबाइलवर दाखवला. आता त्या ८४ च्या आहेत. चष्मा पुसून त्यांनी तो सगळा बघितला. "डोंगर झाला, समुद्र झाला," म्हणाल्या, "माणसं कुठायत गं?"

मी २०१८ पासून तेच विचारतोय. (हे तेवढं दुरुस्त करू नका, साहेब.)

पुढच्या अंकात प्रिंटर. पत्रात मॉडेल नंबर लिहा, आणि शाई शेवटची कधी भरली तेही.