'गॉथ' आणि 'गॉथिक': एक की दोन?

प्रश्न असा आहे: सीएसएमटीची इमारत गॉथिक आणि काळ्या पेहरावात विशिष्ट संगीत ऐकणारी मंडळी गॉथ, हा शब्द एकच का? आणि गॉथांना मराठीत 'मृत्युपूजक' म्हणावं का?

मूळ एकच. गॉथ हे जर्मानिक लोक. त्यांच्यातल्या व्हिसिगॉथांनी इ.स. 410 मध्ये रोम लुटलं. हजारभर वर्षांनी इटलीतल्या विद्वानांनी टोकदार कमानींच्या मध्ययुगीन चर्चना हेच नाव चिकटवलं, तेही हिणवण्यासाठी. त्या शैलीशी गॉथांचा काडीचाही संबंध नव्हता. ती 12व्या शतकात पॅरिसजवळ सँ-दनीत आकाराला आली. सीएसएमटी हा तिचाच 19व्या शतकातला नवा अवतार. त्याआधीच, 1765 मध्ये, इंग्लिश लेखक होरेस वॉलपोलने आपल्या कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीवर 'गॉथिक कथा' असं छापलं आणि पडके किल्ले, तळघरं, पिढीजात शाप या शब्दाला येऊन चिकटले. संगीतातला गॉथ आला तो या वाटेने.

बाउहाउस या इंग्लिश बँडचं 1979 सालचं 'बेला लुगोसीज डेड' हे या संगीताचं आद्य गाणं मानतात. नऊ मिनिटांहून मोठं. ड्रमची टिकटिक, उतरता बास, गिटारची खरखर. गायक बराच वेळ तोंडच उघडत नाही. लुगोसी हा पडद्यावर ड्रॅक्युला साकारणारा नट. 1956 मध्ये तो गेला तेव्हा त्याला ड्रॅक्युलाच्याच झग्यात पुरलं होतं.

'मृत्युपूजक' मात्र साफ चूक, आणि अन्यायकारकही. गॉथांचा काळा पेहराव बराचसा व्हिक्टोरियन सुतकाच्या पोशाखावरून घेतला आहे. राणी व्हिक्टोरिया 1861 मध्ये विधवा झाली ती मरेपर्यंत काळ्या कपड्यांतच राहिली. इंग्लंडमधल्या व्हिटबी गावच्या जेटचे, म्हणजे कोट्यवधी वर्षं दडपून काळ्या झालेल्या लाकडाचे, दागिने तेव्हा सुतकात घालत. त्याच व्हिटबीत 1994 पासून गॉथांचे मेळावे भरू लागले. मृत्यूबद्दल चारचौघांत बोलण्याची, शोक अंगावर वागवण्याची रीत समाजाने टाकली. ती या मंडळींनी जपली. याला पूजा कसं म्हणायचं?

तेव्हा 'गॉथ'च ठेवावा. गॉथ मुलगी, गॉथ पेहराव. पण गॉथिक कमान, गॉथिक कादंबरी. 'गॉथिक रॉक' रूढ आहे, तो तसाच असू द्यावा. अनेकवचनी 'गॉथांना', 'गॉथांचे' अशी रूपं खुशाल करावीत.