दोनदा ‘नाही’ म्हणणारी जीनेट रँकिन

प्रश्न : ताई, मी नागपूरला बीए सेकंड इयरला आहे. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत मी अमेरिकेच्या संसदेतल्या पहिल्या बाईवर, जीनेट रँकिनवर बोलणार आहे. पण मैत्रिणी म्हणतात, पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यावरही युद्धाला नाही म्हणणारी बाई म्हणजे नुसती हट्टी, विषय बदल. काय करू?
– एक विद्यार्थिनी, महाल

उत्तर : अजिबात बदलू नकोस!

मैत्रिणींना आधी हे सांग की १९४१चं ते मत काही अचानक आलेलं नव्हतं. जीनेट १८८० ची, मोंटाना राज्यातली, गावोगाव फिरून बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी भाषणं करणारी. मोंटानात १९१४ ला तो हक्क मिळाला आणि १९१६ ला ही रिपब्लिकन पक्षाकडून निवडूनच आली, म्हणजे देशातल्या कितीतरी बायकांना अजून मत देता येत नव्हतं तेव्हा ही संसदेत बसून कायद्यांवर मत देत होती, विचार कर ना!

एप्रिल १९१७ मधे शपथ घेतली आणि चारच दिवसांनी पहिल्या महायुद्धात उतरायचं की नाही यावर मतदान. पहिल्यांदा नाव पुकारलं तेव्हा ती गप्प राहिली, दुसऱ्यांदा उभी राहून म्हणाली की मला देशाच्या बाजूने उभं राहायचंय पण युद्धासाठी मत देता येणार नाही. तिच्या हाउसमधे, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, नाही म्हणणारे एकूण ५० होते, म्हणजे ४९ पुरुषही होते, पण बोभाटा झाला तो हिचाच, बाईमाणूस रडली म्हणून. मला याचा आजही राग येतो.

त्याच वर्षी मोंटानातल्याच ब्यूट शहराच्या तांब्याच्या खाणीत आग लागून दीडशेहून जास्त मजूर गेले, पाठोपाठ संप झाला, तेव्हा ही अ‍ॅनाकोंडा या बलाढ्य खाण कंपनीच्या विरोधात मजुरांच्या बाजूने उभी राहिली. हे भाषणात घेच, आपल्या उमरेडकडच्या खाणीत ज्यांच्या घरचं कोणी काम करतं त्यांना वेगळं समजवावं लागणार नाही. जानेवारी १९१८ ला बायकांच्या मतदानाच्या घटनादुरुस्तीवरची चर्चा हाउसमधे तिनेच सुरू केली. पुढे सिनेटला, म्हणजे वरच्या सभागृहाला, उभी राहिली, हरली.

मग १९४० ला पुन्हा निवडून आली, साठीची होती, आणि प्रचारातच सांगितलेलं की पोरांना युद्धात पाठवू देणार नाही. म्हणजे ८ डिसेंबर १९४१ ला जपानविरुद्ध युद्ध पुकारायला ३८८ विरुद्ध १ असं मतदान झालं, तो एक नकार तिचा, तेव्हा तिने दिलेला शब्द पाळला, याला हट्ट कसं म्हणायचं? बाहेर लोक इतके चिडले की तिला फोन बूथमधे लपावं लागलं, पोलिसांनी सोडवून नेलं. मला स्वतःला त्या दिवशी तिच्यासारखं मत देता आलं नसतं असं वाटतं, जपानने हल्ला केलेला होता, आणि हा आक्षेप तू भाषणात लपवू नकोस, सरळ मांड. पण पुढे जर्मनी-इटलीविरुद्धच्या युद्धावर मतदान झालं तेव्हा तिने हो किंवा नाही न म्हणता नुसतं ‘हजर’ म्हटलं हेही सांग.

पुढे गांधीजींच्या विचारांच्या ओढीने ती अनेकदा भारतात आली, आणि १९६८ ला, ८७ व्या वर्षी, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वॉशिंग्टनमधे हजारो बायकांचा मोर्चा घेऊन चालली.

वेळ उरला तर आपल्या अनसूयाबाई काळेंचं नाव घे, १९३७ ला मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेच्या उपसभापती आणि १९५२ ला नागपूरच्या खासदार. कॉलेजच्या हॉलमधे बसलेल्या कितीजणांना हे माहीत असेल, तूच विचारून बघ.