प्यायल्यावर माणूस एवढा का भडकतो?

प्रश्न: डॉक्टर, आमचे हे एरवी गरीब गाय, पण क्वार्टर पोटात गेली की वेगळेच. परवा भाकरी गार म्हणून ताट भिंतीवर भिरकावलं, सकाळी म्हणतात आठवतच नाही. नाटक करतात का?

उत्तर: ताई, नाटकच असेल असं नाही, भराभर खूप प्यायलं की आठवणी साठवणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग त्या वेळचं रेकॉर्डिंगच करत नाही. आता भडकण्याचं. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणजे आपला ब्रेक, "जाऊ दे रे" म्हणणारा. दारू गाबा या शांत करणाऱ्या रसायनाचा जोर वाढवते, चेतवणाऱ्या ग्लुटामेटचा कमी करते, त्यात हा ब्रेकच सुस्तावतो आणि मग गार भाकरीपण अपमान वाटते. 2018 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 50 तरुणांपैकी काहींना व्होडका पाजून एमआरआयमध्ये चिडवून बघितलं, तर पिणाऱ्यांचा हाच भाग थंडावलेला, तोही दोनच ड्रिंकमध्ये! पण सगळेच पिणारे ताट फेकत नाहीत हो, स्वभाव, घरात बघितलेलं हेही असतंच, त्यामुळे मेंदूच्या नावावर माफी नको. हात उचलला तर सरळ 181 या महिला हेल्पलाइनला फोन लावा. आणि जेवणातून गुपचूप दारू सोडवायची पावडर अजिबात देऊ नका, त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध असलं आणि वरून ते प्यायले तर जिवावर बेतेल.