वाचक विचारतात : तळं हिरवं का होतं?

प्रश्न : आमच्या गावच्या तलावात येणारं सांडपाणी आता शुद्धीकरण प्रकल्पातून येतं. वास गेला, पण मार्च उजाडला की पाणी पुन्हा हिरवंगार. प्रकल्प नीट चालत नाही का? (सातारा जिल्हा)

उत्तर : वास गेला म्हणजे प्रकल्प चालतोय. नेहमीचा प्रकल्प बीओडी उतरवतो, म्हणजे कुजणारी घाण कमी करतो. शेवाळाचं खाणं असतं नायट्रोजन आणि फॉस्फरस, आणि सांडपाण्यातला फॉस्फरस प्रकल्पातून बराचसा तसाच पुढे निघून जातो.

हिशेब मांडून पाहा. बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला 3 मिलिग्रॅम फॉस्फरस उरला आणि रोज 10 लाख लिटर पाणी सोडलं, तर दिवसाला 3 किलो फॉस्फरस तलावात गेला. डीएपी खताच्या 50 किलोच्या पोत्यात फॉस्फरस साधारण 10 किलो असतो. (पोत्यावरचा 46 हा आकडा फॉस्फरस पेंटॉक्साइडचा, निव्वळ फॉस्फरसचा नव्हे, इथे भलेभले फसतात.) म्हणजे दर तीन-चार दिवसांनी एक पोतं डीएपी तलावात रितं होतंय. किलोभर फॉस्फरसवर सुमारे 100 किलो सुकं शेवाळ पोसलं जातं. तलाव हिरवा व्हायला तर लिटरमागे 0.035 मिलिग्रॅमच्या आसपास एकूण फॉस्फरसही पुरतो.

फॉस्फरसवर एवढा भर का, याचं उत्तर कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात 1973 साली मिळालं. डेव्हिड शिंडलर यांच्या चमूने 226 क्रमांकाच्या तलावात मधोमध पडदा ताणला. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस मात्र एकाच भागात. तेवढाच भाग हिरवा झाला. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती नायट्रोजन हवेतूनही घेतात. फॉस्फरसची तशी सोय नाही. अर्थात नायट्रोजनही आवरा, असं म्हणणारे शास्त्रज्ञ कमी नाहीत, आणि उथळ तळ्यांच्या बाबतीत आम्हालाही ते पटतं.

तेव्हा प्रकल्पचालकांना एकच विचारा : बाहेर पडणाऱ्या पाण्यात एकूण फॉस्फरस किती? बीओडीचा अहवाल दाखवला तर तो बाजूला ठेवा. फॉस्फरस खाली बसवायला तुरटी किंवा फेरिक क्लोराइड लागतं. तुरटीचं प्रमाण किलोभर फॉस्फरसला ढोबळ मानाने 15 ते 20 किलो. नक्की मात्रा जार टेस्ट (बरण्यांत वेगवेगळ्या मात्रा घालून पाहणं) करूनच ठरते. गाळही वाढतो, त्याची सोय आधी करावी लागते.

एवढं करूनही तलाव लगेच निवळेल असं नाही. तळच्या गाळात वर्षानुवर्षांचा फॉस्फरस लोहाला धरून बसलेला असतो. उन्हाळ्यात तळाशी ऑक्सिजन संपला की ती पकड सुटते आणि तो पाण्यात उतरतो. स्वीडनमधल्या ट्रुमेन तलावात सांडपाणी 1958 साली बंद झालं, तरी दशकभर पाणी हिरवंच राहिलं. 1970-71 मध्ये तळाचा साधारण मीटरभर गाळ उपसला, तेव्हा फरक पडला. बाहेरून येणारं बंद न करता गाळ काढणं म्हणजे मात्र पैसे पाण्यात.

प्रश्न : असं हिरवं पाणी गुरांना चालेल का? उकळून घेतलं तर? (सोलापूर)

उत्तर : आधी शेवाळ कुठलं ते बघा. काठी घालून वर काढा. केसांसारखे धागे लोंबले तर ते बहुधा साधं तंतुमय शेवाळ. काठीला ऑइलपेंटसारखा लेप बसला तर निळं-हिरवं शेवाळ असल्याचा संशय घ्या. मग काचेची बरणी पाऊण भरून, न हलवता रात्रभर ठेवा. हिरवेपणा वर तरंगून साय धरली तर संशय पक्का समजा. साधं हिरवं शेवाळ बहुधा तळाशी बसतं. हातमोजे वापरा.

संशय असेल तर गुरांना ते पाणी नको, आणि काठावर वाऱ्याने साय जमते तिथे तर मुळीच नको. उकळून उपयोग नाही. निळ्या-हिरव्या शेवाळाचं मायक्रोसिस्टिन हे यकृतावर मारा करणारं विष उकळल्याने नष्ट होत नाही, उलट पाणी आटल्याने दाट होतं. ऑगस्ट 2014 मध्ये अमेरिकेतल्या टोलिडो शहराला ईरी सरोवराचं पाणी पिऊ नका, उकळूही नका, असं सांगावं लागलं ते याचमुळे.

प्रश्न : शेततळ्यात मोरचूद किती टाकावं? (नाशिक जिल्हा)

उत्तर : मोरचूद म्हणजे तांब्याचं मीठ. पाण्याची अल्कलिनिटी (आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद, लिटरला मिलिग्रॅममध्ये मोजतात) तपासल्याशिवाय टाकू नका. मत्स्यशेतीतला हिशेब असा : अल्कलिनिटीच्या आकड्याला 100 ने भागा, येईल तितकं मिलिग्रॅम मोरचूद दर लिटरला. अल्कलिनिटी 100 असेल तर 10 लाख लिटरला 1 किलो. ती 50 च्या खाली असेल तर मासे मरतात, म्हणून वापरूच नका. प्लॅस्टिकच्या बादलीत विरघळवा. जस्ताच्या बादलीत तांबं बादलीवरच चढतं. उन्हाच्या दिवशी सकाळी तळ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर फवारा, उरलेलं दहा-बारा दिवसांनी. सगळं शेवाळ एकदम मेलं तर कुजताना ऑक्सिजन खातं आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. मेंढ्यांना तांबं बाधतं, त्यांना हे पाणी पाजू नका.

पाणी दाट हिरवं झाल्यावर मोरचूद टाकणं आम्हाला पसंत नाही. पेशी फुटून आतलं विष पाण्यात येतं आणि फॉस्फरस तळ्यातच राहतो. त्यापेक्षा पहिल्या पावसाचं ओढ्याचं पाणी आत घेऊ नका, माशांचं खाद्य मोजून द्या.

प्रश्न : जलपर्णी काढली आणि तळं आणखी हिरवं झालं. असं कसं? (ठाणे)

उत्तर : जलपर्णीची सावली गेली, ऊन आत शिरलं, अन्नद्रव्यं होतीच. शिवाय काढलेली जलपर्णी काठावरच टाकली असेल, तर पावसात तिचा रस परत तळ्यात. ती दूर नेऊन कंपोस्ट करा, आणि काढायची ती फुलं येण्याआधी. बी पडलं की ते गाळात वर्षानुवर्षं टिकतं.