कन्सोल समुद्राकाठी नेतेस तर

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

गेम खेळायचा कन्सोल घेतलास, ४३ इंची टीव्ही ठरवलास आणि दोन्ही कोकणातल्या गावच्या घरी समुद्राकडच्या पडवीत लावणार आहेस, इथवर कळलं. पडवीचा बेत आधी बदल. ही यंत्रं कोरड्या, बंद खोलीचा हिशेब धरून केलेली असतात आणि त्यांच्या सेटिंग्ज दुकानाच्या नाहीतर कंपनीच्या सोयीने लावलेल्या असतात. आपली हवा वेगळी, घर वेगळं, लाइट वेगळी. त्यामुळे खोक्यातून निघाली तशी ती वापरायची नाहीत, हे धरूनच पुढचं वाच.

दुपारचा खारा वारा पहिल्यांदा पश्चिमेच्या पडवीलाच लागतो. कन्सोलचा पंखा तीच हवा आत ओढतो आणि मिठाचा बारीक थर बोर्डावर बसत जातो. कोरड्या दिवसांत तो फारसा त्रास देत नाही. पण हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं आणि विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते त्याच्याही आधी ओले होतात. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा बहुतेक वेळ या आकड्याच्या वरच असते. मिठाच्या बरणीला पावसात पाणी सुटतं तेच बोर्डावर घडतं, फक्त तिथे त्या पाण्यातून वीज वाहते. पिना हिरव्या पडतात, बारीक जोड खाल्ले जातात, आणि एक दिवस कन्सोल चालू होऊन लगेच बंद पडतो.

म्हणून माजघरातली पूर्वेकडची भिंत धर. कन्सोल जमिनीपासून हातभर वर, मागे आणि बाजूंना १० सेंटिमीटर मोकळी जागा. प्लॅस्टिकचं कव्हर घालू नकोस, आत दमट हवा कोंडते आणि रात्री त्याचंच पाणी होतं. सुती कपडा टाक, तोही यंत्र थंड झाल्यावर. पावसात दोन्ही यंत्रं रोज तासभर तरी चालू दे. स्वतःच्या उष्णतेने ती आतून सुकतात, याहून स्वस्त उपाय नाही. सगळे मुंबईला आणि घर दोन महिने बंद असेल, तर चतुर्थीला दार उघडल्याबरोबर टीव्ही लावायचा नाही. खिडक्या उघड, दिवसभर पंखा त्याच्यावर राहू दे, मग दुसऱ्या दिवशी लाव. चाकरमान्यांच्या बंद घरातले टीव्ही पहिल्याच संध्याकाळी जातात ते बरेचदा या घाईमुळे.

कंट्रोलर, हेडफोन आणि डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. १० लिटरच्या डब्याला शंभरेक ग्रॅम सिलिका जेल पुरे. नारिंगी दाण्यांचं घे. निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो, घरात लहान मूल असताना तो नको. नारिंगी रंग जाऊन हिरवट झाला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापव, पुन्हा कामाला येतं. तांदळाने काही होत नाही, उलट पीठ पोर्टात जातं. पेन्सिल सेल घालायचा कंट्रोलर असेल तर ठेवताना सेल काढून घे, आणि आतली बॅटरी असेल तर ती निम्मी भरलेली ठेव.

पोर्ट साफ करायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश वापर, प्लग काढून. जखमेवर लावायचं स्पिरिट नको, त्यात पाणी असतं. गंजावर मारायचा तेलकट स्प्रे तर अजिबात नको, त्याच्या थरावर धूळ चिकटते. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पाऊस सरल्यावर, ब्लोअरने धूळ काढ. त्या वेळी पंख्याचं पातं काडीने अडकवून धर, नाहीतर हवेच्या झोताने ते नको तितकं जोरात फिरून बेअरिंग जातं.

आता लाइट. इथे लोक पैसे चुकीच्या जागी घालतात. टीव्ही आणि कन्सोलच्या मागचं लेबल वाच. बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे कमी व्होल्टेज ते आपलं आपण सांभाळतात, त्यासाठी स्टॅबिलायझर नको. खरा धोका वरच्या बाजूला आहे. पावसात झावळ किंवा फांदी पडून खांबावरचा न्यूट्रल तुटला, की तीन फेजांमधला भार डळमळतो आणि २३० व्होल्टच्या जागी घरात ४०० च्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं. खूण सोपी असते: बल्ब एकदम प्रखर होतात, पंखा सुसाट सुटतो. त्या क्षणी टीव्हीकडे धावायचं नाही, सरळ मेन पाडायचा. घरी कोणी नसेल त्या वेळेसाठी मेन बोर्डात जादा व्होल्टेजला लाइन तोडणारा रिले बसवून घे आणि तो २६५ च्या आसपास लाव. तुझ्या सगळ्या यादीतला हा खर्च सर्वात आधी कर.

स्पाइक गार्डवर अवलंबून राहायचं तर अर्थिंग लागतं आणि आपल्या कातळावर ते सहज लागत नाही. जांभा मे महिन्यात कोरडा ठाक पडला की त्याचा प्रतिकार चढतो. अर्थिंगसाठी कोळसा-मिठाचा खड्डा असेल तर उन्हाळाभर त्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी घाल. वायरमनला घरी बोलावून मल्टिमीटरने तीन मापं घ्यायला सांग: फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ. पहिली दोन जवळजवळ सारखी हवीत, तिसरं २-३ व्होल्टच्या आत. दुसरं माप पहिल्यापेक्षा बरंच कमी आलं तर भिंतीतला तिसरा भोक नावापुरता आहे.

मेच्या शेवटी आणि पुन्हा ऑक्टोबरात परतीच्या पावसात वीज कडाडते. लांबून गडगडाट आला की प्लग काढायचा, आणि एकटा प्लग काढून भागत नाही. डिशच्या छत्रीची केबल आणि राउटरकडून येणारी लॅनची वायरही काढ, कारण वीज त्यांच्यातूनही आत येते. बटण बंद करणं म्हणजे प्लग काढणं नव्हे.

इन्व्हर्टर असेल तर शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे मुख्य लाइनसारखी गुळगुळीत लाट देणारा, आहे का ते बघ. स्क्वेअर वेव्हवर चांगले पॉवर सप्लाय कुरकुरतात किंवा बंद पडतात. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस कन्सोल आणि टीव्ही मिळून काही मिनिटंच खेचेल. ती मिनिटं गेम सेव्ह करून नीट बंद करायची, पुढे खेळायची नाहीत. राउटरला मात्र १२ व्होल्टचा वेगळा मिनी यूपीएस घे. राउटर जेमतेम १०-१२ वॅट खातो, तेवढ्यावर काही तास निघतात.

नेटबद्दल तू लिहिलंस की ओटीवर वेग चांगला आणि माजघरात गेम अडकतो. चिऱ्याच्या जाड भिंती वाय-फायची ५ गिगाहर्ट्झची लहर एका खोलीपलीकडे जाऊ देत नाहीत, आणि पावसात भिंत ओल धरते तेव्हा आणखीच. २.४ गिगाहर्ट्झची पोहोचेल पण तिथे गर्दी असते. तिथे चॅनेल १, ६ किंवा ११ यांतलंच एक निवड. खरं उत्तर वायर हेच आहे. कॅट ६ केबल १०० मीटरपर्यंत चालते, तुझं घर त्यात सहज बसेल. घेताना एक तार ब्लेडने खरवडून बघ. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे, खाऱ्या हवेत ते लवकर जातं. आतपर्यंत लाल हवी.

मग लॅपटॉपवरून राउटरला १०० वेळा पिंग कर, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोज. वायरवर ते १-२ मिलिसेकंदांत यायला हवं. राउटरपर्यंत ठीक आणि पुढे वाईट, तर दोष बाहेरच्या लाइनचा. राउटरपर्यंतच उड्या मारत असेल तर दोष घरातला, तिथे कंपनीला फोन करून वेळ घालवू नकोस. घरात कोणी मोठं डाउनलोड लावल्यावरच गेम अडकत असेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये क्यूओएस (कोणाला किती वेग द्यायचा ते ठरवणारा पर्याय) शोध आणि एकूण मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांध. वेग थोडा कमी दिसेल, खेळ मात्र सुरळीत चालेल.

‘गेमिंग प्लॅन’ म्हणून जादा पैसे मागतात त्याला भुलू नकोस. प्रकाश फायबरमधून मिलिसेकंदाला २०० किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत साधारण ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ३९-४० मिलिसेकंद नुसत्या अंतराचेच. सर्व्हर सिंगापूरला असेल तर याखाली कुठलाही प्लॅन नेऊ शकत नाही. गेममध्ये मुंबईचा सर्व्हर निवडता येतो का ते बघ, ते फुकट आहे.

टीव्ही आला की पहिल्या दिवशी रिमोट घेऊन अर्धा तास बस. चित्र ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’वर असेल, ते दुकानाच्या झगमगाटासाठी असतं, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ कर. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून घालतो आणि चांगला सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसायला लागतो. ते बंद कर. सॅमसंगमध्ये त्याला ऑटो मोशन प्लस म्हणतात, एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो. मला हा प्रकार मनापासून खटकतो. ज्यांनी इतक्या कष्टाने चित्र टिपलं त्यांच्या कामात यंत्राने न विचारता केलेली ही ढवळाढवळ आहे. कन्सोलच्या इनपुटला ‘गेम मोड’ लाव. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. गेम मोड नसताना टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात अशा कितीतरी फ्रेम घालवतो, मग उडी मारायचं बटण तू वेळेवर दाबूनही खेळाडू खड्ड्यात जातो. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’ शोध.

संवाद पुटपुटल्यासारखे आणि मारामारी कानठळ्या बसवणारी, ही तुझी तक्रार रास्त आहे. सहा चॅनेलचा आवाज टीव्हीच्या दोन छोट्या स्पीकरांत कोंबला जातो म्हणून तसं होतं. अॅपमध्ये ५.१ (म्हणजे तेच सहा चॅनेल) ऐवजी स्टिरिओ निवड आणि टीव्हीत ‘नाइट मोड’ किंवा आवाज समान ठेवणारा पर्याय लाव. आजी झोपल्यावर खेळायचं असेल तरी तेच. आपोआप पुढचा भाग सुरू होणं, फोनवर सतत टुणटुणणं, हे सगळं त्या त्या अॅपच्या सेटिंगमध्ये बंद होतं. जाहिरातीच्या फोन-मेसेजसाठी १९०९ ला ‘स्टार्ट ०’ असा मेसेज इंग्रजी अक्षरांत पाठव.

मुसळधार पावसात छत्रीवरचं चित्र जाणं हा डिशवाल्याचा दोष नाही. त्या लहरींना पावसाचे थेंबच अडवतात, सर ओसरली की चित्र येतं. सर ओसरूनही आलं नाही तर एलएनबीच्या, म्हणजे छत्रीपुढच्या दांडीवरच्या डबीच्या, जोडात पाणी शिरलंय. जोडाला रबराची स्वतःच चिकटणारी टेप गुंडाळ आणि केबलला जोडाच्या खाली एक झोल दे, म्हणजे थेंब तिथून गळतील. दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री आपल्याकडून आग्नेयेला बघते. त्या दिशेला माड वाढला असेल तर झावळ्या आधी तपास.

आता गेम विकत घेण्याचं. डिजिटल गेमचे पैसे भरलेस तरी तुला मिळतो तो वापरण्याचा परवाना. पबजी मोबाइलवर आपल्याकडे २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली. त्याच्या जागी आलेला बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये दुकानांतून गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. ‘द क्रू’ नावाचा २०१४ चा गाड्यांचा गेम, ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि डिस्क हातात असलेल्यांनाही तो खेळता येईना. म्हणून घेण्याआधी बघ, एकट्याने खेळायच्या भागालाही नेट लागतं का. लागत असेल तर मी त्याला पूर्ण किंमत देणार नाही. तूही देऊ नकोस.

घरी आणण्याआधी एक परीक्षा कर. मुंबईच्या चांगल्या लाइनवर सगळे गेम आणि त्यांचे अपडेट उतरवून घे. १०० जीबीचा गेम रोजच्या २ जीबी मोबाइल डेटावर उतरवायला ५० दिवस लागतात. प्लेस्टेशन ५ असेल तर ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’ चालू कर. मग राउटर बंद करून एकेक गेम उघडून बघ. जो उघडला नाही, तो गावी उपयोगाचा नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनच्या गावांत लाइट आणि नेटवर्क किती दिवस नव्हतं ते तुझ्या घरच्यांना विचार.

कन्सोलमध्ये कार्ड साठवून ठेवू नकोस, धाकटा भाऊ त्यावर एका दुपारीत पेट्या उघडत बसेल. आत काय निघेल ते पैसे भरल्यावरच कळणाऱ्या या पेट्या जुगाराच्याच जातीच्या. बेल्जियममध्ये २०१८ सालीच तिथल्या जुगार नियामकाने काही गेममधल्या पेट्या बेकायदा ठरवल्या. आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आहे, पण गेममधली खरेदी वेगळी आणि ती चालूच आहे. यूपीआय अॅपमध्ये ऑटोपेची यादी असते, ती आज उघड. विसरलेल्या दोन-तीन वर्गण्या तिथे सापडतील.

कंट्रोलरची काडी आपोआप सरकायला लागली तर लगेच नवा घेऊ नकोस. आतला कार्बनचा पट्टा झिजतो म्हणून तसं होतं. आधी कॅलिब्रेशन करून काडीचा मध्य पुन्हा ठरव, मग गेममधला डेडझोन (मध्याजवळची जी हालचाल गेम धरत नाही ती) १० टक्क्यांपर्यंत वाढव, काही महिने निभतात. पुढचा घेताना हॉल इफेक्टचा बघ, त्यात चुंबकाने मोजमाप होतं, घासणारा भागच नसतो.

वायरमन मृगाच्या आधी गाठ, नंतर त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. न्यूट्रल ते अर्थचा आकडा किती येतो तेवढा मला कळव. ५ व्होल्टच्या वर आला तर टीव्हीचं खोकं फोडू नकोस, आधी अर्थिंगच्या खड्ड्याचं बघू.

आजीला नमस्कार सांग.