वाचकांचे प्रश्न: परिषदेतली नवसंगीताची मैफल

प्रश्न: आमच्या संगीत-तंत्रज्ञान परिषदेत रोज संध्याकाळी नव्या रचनांची मैफल आहे. सभागृह ९० मिनिटांसाठी मिळालंय. म्हणजे ९० मिनिटांच्या रचना निवडायच्या का?

उत्तर: अजिबात नाही, ६० मिनिटांच्या आत थांबा. सरासरी ८ मिनिटांच्या ७ रचना धरल्या तर संगीत ५६ मिनिटांचं होतं. मधल्या ६ मांडामांडींना प्रत्येकी ४ मिनिटं, म्हणजे २४. उरलेली १० मिनिटं उशिरा येणारे, टाळ्या आणि निवेदन यांत जातात. त्यातच प्रेक्षक सकाळपासून निबंध ऐकून आलेले असतात. त्यांना आठवी रचना ऐकवणं हा त्या रचनाकारावरच अन्याय.

क्रम लावताना आधी मंचाचा नकाशा पाहा, कलात्मक विचार त्यानंतर. सगळ्यात जास्त पसारा असलेली रचना पहिली ठेवा, कारण तिची मांडणी दारं उघडण्यापूर्वीच करून ठेवता येते. तालीम मात्र उलट्या क्रमाने घ्या, शेवटची रचना आधी आणि पहिली शेवटी. म्हणजे पहिलीचे माइक आणि तारा जागच्या जागी राहतात. प्रत्येक रचनेची मिक्सरवरची पातळी तिथल्या तिथे सेव्ह करा. लाइव्ह इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे मंचावरच्या आवाजावर संगणकाने तिथल्या तिथे प्रक्रिया होणार असेल, तर तालमीला ४५ मिनिटं द्या. नुसती फाइल वाजवायची असेल तर १५ पुरतात.

फाइलवरची रचना अंधारात वाजत असताना मागे मंच बदलून घ्यावा, असं हमखास कुणीतरी सुचवतं. तसं करू नका. स्टँड सरकल्याचा आवाज नेमका शांत जागी येतो. अशा दोन रचना सलग चालतात. तिसरीला अंधारात डुलक्या सुरू होतात.

प्रश्न: आठ चॅनेलची, म्हणजे आठ स्पीकरवर वेगवेगळा आवाज सोडणारी एक रचना आली आहे. आवाज गोल फिरायला हवा, पण आमच्याकडे डावी-उजवीकडे उड्या मारतो. फाइल बिघडली आहे का?

उत्तर: फाइल बहुतेक ठीक असेल. घोळ स्पीकरच्या क्रमांकांचा दिसतो. आठ स्पीकर मोजायच्या दोन पद्धती सर्रास चालतात. एकीत समोरच्या डाव्या कोपऱ्यापासून घड्याळाच्या दिशेने १ ते ८. दुसरीत जोड्या: समोर डावा १ आणि उजवा २, त्यामागे डावा ३ आणि उजवा ४, असं पाठीमागपर्यंत. दोन्हींत १ आणि २ एकाच जागी येतात, त्यामुळे पहिले दोन चॅनेल तपासून ‘सगळं बरोबर’ म्हटलं की फसगत होते. ३ ऐका, लगेच कळेल. तिसरीही एक पद्धत आहे, तिच्यात १ नेमका समोर मधोमध असतो. तिथे सबंध वर्तुळच थोडं फिरवावं लागतं.

पुढच्या वेळी अर्जातच स्पीकरचा नकाशा मागा. एका मोठ्या फाइलऐवजी ०१ ते ०८ नावाच्या, सारख्या लांबीच्या आठ मोनो (एकाच चॅनेलच्या) फाइली घ्या आणि सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने नोंदले आहेत तो आकडा, लिहून घ्या. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ वर तशीच वाजली तर सूर जवळपास पाऊण स्वर चढतो आणि १० मिनिटांची रचना ९ मिनिटं ११ सेकंदांत संपते. रचनाकार सभागृहात नसेल तर हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

प्रश्न: वाद्यांसाठीच्या रचना मागवल्या, पण वादक आणायचे कुणी?

उत्तर: हे आवाहनातच स्पष्ट लिहायला हवं होतं. वाद्यवृंद तुम्ही देणार असाल तर वाद्यांची नावं आणि कमाल संख्या द्या. बासरी, क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो हा संच सोयीचा पडतो. १९१२च्या ‘पिएरो ल्युनेर’ या रचनेत संगीतकार शोनबर्गने गायिकेसोबत हीच वाद्यं योजली, आणि तेव्हापासून या संचासाठी भरपूर लिहिलं गेलंय. संचाबाहेरचं वाद्य हवं असेल तर वादक रचनाकाराने आणावा. स्वरलिपी आणि प्रत्येकाचे सुटे भाग वादकांच्या हाती निदान ८ आठवडे आधी पडले पाहिजेत. पाच वादकांच्या ८ मिनिटांच्या रचनेला तासाभराच्या दोन तालमी किमान लागतात, म्हणून एका संचाला मैफलीत चारपेक्षा जास्त नव्या रचना देऊ नका. आणि पियानोच्या तारांमध्ये स्क्रू किंवा रबर अडकवायचं असेल, तर रचना निवडण्याआधीच पियानो ज्यांचा आहे त्यांची लेखी परवानगी घ्या.