लघुकथेत नवरा-बायकोची स्वप्नं सहसा अपुरीच का राहतात?

स्वप्न पुरं झालं की सांगण्यासारखं फारसं उरत नाही, हे एक कारण. पण खरी मेख वेगळी आहे. दोघांचं म्हणून जे एकच स्वप्न दिसतं, ती आतून दोन असतात, आणि ती फट दाखवायला लघुकथेला चार पानं पुरतात.

रशियन लेखक चेखवची १८८७ची लॉटरीच्या तिकिटाची कथा वाचा. बायकोच्या तिकिटाची मालिका पेपरात लागलेली दिसते. पुढचा क्रमांक लगेच न बघता दोघं मुद्दाम थोडं थांबतात, आणि तिथेच घात होतो. नवरा आधी जमीनजुमला, उन्हाळा, पोहणं असलं काहीबाही रंगवतो. मग परदेशवारी सुचते. त्यापाठोपाठ बायको सोबत आली तर टोपल्या-गाठोडी घेऊन खर्चावरून कुरकुरेल, हेही दिसायला लागतं. तिकीट तिचं, म्हणजे पैसे तिचे! तो तिचा चक्क द्वेष करू लागतो. तिलाही ते कळतं. अजून दमडीही हाती आलेली नाही. शेवटी क्रमांक निघतो ४६, तिचा असतो २६.

फ्रेंच लेखक मोपासाँच्या हाराच्या कथेत (१८८४) बायकोची मेजवानीत मिरवण्याची हौस सगळ्यांच्या लक्षात राहते. नवऱ्याने बंदुकीसाठी राखलेले ४०० फ्रँक तिच्या पोशाखाला दिले, हे कुणी काढत नाही. लेखकही ते एका वाक्यात उरकतो.

अमेरिकन लेखक ओ. हेन्रीची १९०५ची कथा लोक अपवाद म्हणून सांगतात. बायको आपले केस विकून नवऱ्याच्या घड्याळाला साखळी आणते, आणि तो तेच घड्याळ विकून तिच्या केसांसाठी कंगवे. प्रेम तिथे आहेच, पण कंगवे आणि घड्याळाची साखळी दोन्ही बिनकामाचीच ठरतात.